विटाळाला जाब विचारणाऱ्या सोयराबाई

महाराच्या सावलीचाही विटाळ मानणाऱ्या चौदाव्या शतकात मंगळवेढ्याला सोयराबाई होऊन गेल्या. संत चोखामेळा यांच्या त्या पत्नी. गावकीची कामे आणि उष्ट्या अन्नावर गुजराण, हेच या घराच्या वाट्याला आलेले जगणे. तरीही घर कवींचे होते. चोखोबा, मुलगा कर्ममेळा, नणंद निर्मळा, तिचे पती बंका असे सगळेच अभंग रचीत. सोयराबाईंचे साठेक अभंग आज उपलब्ध आहेत. अभंगाच्या शेवटी त्या जात लपवीत नाहीत, चोख्याची बायको म्हणून जातीसकट ओळख देतात.

पंढरपुरात या कुटुंबाला देवळाबाहेरच थांबावे लागे. १३३८ साली मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना ते कोसळले आणि मजुरांसोबत चोखोबाही गाडले गेले. त्यांची समाधीसुद्धा महाद्वाराबाहेरच आहे.

अशा जगण्यातून सोयराबाईंनी विटाळावर अभंग रचला. धर्ममार्तंड ज्याला विटाळ म्हणतात त्यातूनच प्रत्येक देह घडतो, मग सोवळा कोण, हा त्यांचा बिनतोड सवाल. महार म्हणून दूर ठेवणारा आणि बाई म्हणून बाजूला बसवणारा, असे दोन्ही विटाळ या एका सवालाने उघडे पडतात.

सोयराबाईंनी उत्तर भक्तीत शोधले. हक्काचे उत्तर संविधानाच्या कलम १७ ने दिले. २०१८ साली शबरीमला खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी पाळीवरून स्त्रीला मंदिराबाहेर ठेवणे ही अस्पृश्यताच मानली. त्याच वर्षी सॅनिटरी पॅडवरील १२ टक्के जीएसटीही रद्द झाला.

पण उसाच्या फडाचे काय? २०१९ साली बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. फडात संडास नाही, पुरेसे पाणी नाही आणि पाळीमुळे खाडा झाला की दंड. विटाळाची किंमत आजही कष्टकरी बाईच मोजते.

जातीचा विटाळ आपण झुगारला. पण पाळी आली म्हणून आपल्याच घरातली लेक कोपऱ्यात बसत असेल, तिला वंदनेपासून दूर ठेवले जात असेल, तर तो झुगारणे अर्धेच राहिले. पॅड कागदात लपवून नव्हे, तर महिन्याच्या किराण्यासोबत उघडपणे घरात यावेत. फडावर संडास आणि पॅड मिळावेत, यासाठी बांधवांनीही साखर कारखान्यांना जाब विचारावा. ही मागणी फक्त बायकांची नाही, ती समतेच्या लढ्याचीच आहे.