हर्शी यांची खरी ठेव

पेनसिल्व्हेनियातील हर्शी गावच्या संग्रहालयात चॉकलेटचा इतिहास मांडलेला आहे. गावाचे संस्थापक मिल्टन हर्शी यांचा जन्म १८५७ चा. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथील त्यांचे मिठाईचे धंदे बुडाले. लँकेस्टरमध्ये कॅरॅमलने हात दिला. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यांनी चॉकलेटची जर्मन यंत्रे घेतली. १९०० मध्ये कॅरॅमलचा व्यवसाय दहा लाख डॉलरना विकून त्यांनी दुधाचे चॉकलेट सामान्यांच्या आवाक्यात आणले. अपत्यहीन हर्शी दांपत्याने १९०९ मध्ये अनाथ मुलग्यांसाठी शाळा काढली. १९१५ मध्ये पत्नी कॅथरीन निवर्तल्या. तीन वर्षांनी हर्शी यांनी, गाजावाजा न करता, आपली बहुतेक संपत्ती शाळेच्या विश्वस्त निधीस दिली. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. शाळा आजही गरजू मुलामुलींना विनामूल्य शिकवते.