कोसंबींची ज्ञानसाधना : एक की अनेक?

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोणत्या कपाटात शोधावे, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. पिकांची नवी वाणे तयार करणारा कृषिशास्त्रज्ञ जनुकांमधील अंतर मोजताना आजही त्यांचे सूत्र वापरतो. भूमितीच्या अभ्यासकाला ते कार्तां आणि चर्न यांच्या जोडीने भेटतात. संस्कृतच्या विद्यार्थ्याला ते भर्तृहरीच्या शतकांचे संपादक म्हणून ठाऊक असतात. आणि प्राचीन भारताचा इतिहास शिकणाऱ्याला तर त्यांना वळसा घालून पुढे जाताच येत नाही. यांपैकी बहुतेकांना शेजारच्या कपाटातल्या कोसंबींची फारशी ओळख नसते. अशा माणसाला अष्टपैलू, बहुश्रुत, चतुरस्र अशी विशेषणे बहाल करून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. विशेषणे गौरवाची खरी. पण त्यांतून नकळत असे सुचवले जाते की, एका तल्लख बुद्धीच्या प्राध्यापकाने आपला विषय सांभाळून चार छंदही उत्तम जोपासले. कोसंबींच्या कामाचा क्रम बारकाईने पाहिला तर ही समजूत टिकत नाही.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें या गावी झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माच्या शोधार्थ घर सोडून नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे भटकलेले आणि पालीचे थोर पंडित म्हणून मान्यता पावलेले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली आणि बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. १९१८ साली अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर तेथे गेला. शालेय शिक्षण अमेरिकेत, मग हार्वर्ड. गणितज्ञ बर्कहॉफ यांनी गणितावरच लक्ष एकवटण्याचा सल्ला दिला असताना या विद्यार्थ्याने अनेक भाषा आणि निरनिराळे विषय घेतले, आणि १९२९ साली तो सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. सल्ला शहाणपणाचा होता, यात शंका नाही. तो न मानण्याची किंमत पुढे आयुष्यभर कोणत्या ना कोणत्या रूपाने चुकवावी लागली.

मायदेशी परतल्यावर बनारस आणि मग अलीगढ येथे त्यांनी गणित शिकवले. अलीगढला त्यांना बोलावणारे आंद्रे वेय हे त्या वेळी पंचविशीतले फ्रेंच गणितज्ञ होते. वेय यांच्याच सूचनेवरून कोसंबींनी १९३१ साली एका लेखात बुर्बाकी नावाच्या काल्पनिक गणितज्ञाचा हवाला देऊन विद्वानांची थोडी थट्टा केली. पुढे याच टोपणनावाने फ्रेंच गणितज्ञांच्या मंडळाने आधुनिक गणिताची ग्रंथमाला लिहिली, तेव्हा या नावाची छापील नोंद प्रथम एका गोवेकराने केली होती, हे थोड्यांनाच आठवले. १९३३च्या सुमारास कोसंबी फर्ग्युसनमध्ये आले आणि सुमारे बारा वर्षे तेथे राहिले. पथ-अवकाशांच्या भूमितीवरचे त्यांचे महत्त्वाचे काम याच सुरुवातीच्या काळातले. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृति-पारितोषिक मिळाले. एवढ्यावरही एक समाधानी गणिताध्यापक म्हणून त्यांना निवृत्तीपर्यंत राहता आले असते.

पण मधेच संख्याशास्त्र आले. हा विषय त्यांनी स्वतःच शिकून घेतला. आणि शिकलेले हत्यार चालवून पाहायचे तर खरीखुरी सामग्री हवी. प्रथम त्यांनी विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुण घेतले. मग त्यांचे लक्ष आहत नाण्यांकडे गेले. चांदीच्या तुकड्यावर छाप ठोकून केलेली ही आपल्याकडची अतिप्राचीन नाणी. त्यांवर ना राजाचे नाव, ना साल. पुढच्या बाजूस सूर्य, चक्र यांसारखी चिन्हे, मागच्या बाजूस काही बारीक खुणा. आणि या चिन्हांच्या अर्थाविषयी पंडितांचे तर्क मात्र भरपूर. कोसंबींनी चिन्हांचा अर्थ लावण्याआधी नाणी तराजूत घातली.

यामागचा विचार साधा होता, आणि अर्थशास्त्राच्या वर्गात नाण्याला विनिमयाचे माध्यम म्हणून पुढे सरकणाऱ्यांनी तो मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. टांकसाळीतून नुकत्याच निघालेल्या नाण्यांचे वजन जवळजवळ सारखे असते. ती हातोहाती फिरू लागली की झिजतात; पण सगळी सारखी झिजत नाहीत. काही पेटीत पडून राहतात, काही रोज बाजार पाहतात. म्हणून काळ जाईल तसे नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि त्यांच्या वजनांतली तफावत वाढते. हे नुसते तर्काने सांगून कोसंबी थांबले नाहीत. आपल्या काळातली चलनातली हजारो नाणी त्यांनी एकेक करून वजन केली आणि झिजेचा नियम ताडून पाहिला. मग तोच नियम प्राचीन नाण्यांना लावला. १९२४ साली तक्षशिलेच्या भीर टेकाडात सापडलेल्या, हजाराहून अधिक आहत नाणी असलेल्या साठ्याबाबत असे दिसून आले की, मागील बाजूच्या खुणा जितक्या अधिक, तितके नाण्याचे वजन कमी. याचा अर्थ, त्या खुणा शोभेच्या नव्हेत. ठरावीक काळाने नाणी तपासून मारलेल्या त्या शिक्क्यांच्या खुणा होत. अक्षर नसलेल्या नाण्यांचा कालक्रम अशा रीतीने वजनावरून लागू लागला. कोणता गट कोणत्या राजवंशाचा, याविषयीची कोसंबींची सर्वच अनुमाने नाणेशास्त्रज्ञांनी स्वीकारलेली नाहीत. पण नाण्यांचा साठा ही एक लोकसंख्या आहे आणि तिला जनगणनेचे नियम लागू पडतात, ही दृष्टी त्यांचीच.

याच वर्षांत त्यांनी दोन छोटे गणिती निबंध प्रसिद्ध केले. १९४३चा निबंध संभाव्यतेच्या सिद्धान्तातला; त्यातील मूळ कल्पना काही वर्षांनी कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि ती त्यांच्याच नावाने रूढ झाली. १९४४चा निबंध जनुकशास्त्रातला. एका गुणसूत्रावरील दोन जनुके पुढच्या पिढीत किती वेळा विलग होतात यावरून त्यांच्यातले अंतर काढतात. पण एका ठिकाणी तुटून सांधलेले गुणसूत्र लगतच पुन्हा तुटण्याचा संभव कमी असतो. ही अडचण जमेस धरणारे सूत्र कोसंबींनी मोजक्या पानांत दिले, आणि त्यानंतर या विषयाकडे ते फारसे वळले नाहीत.

नाणी मात्र त्यांना सोडीनात. वजनाने क्रम लागला, तरी ती पाडली कोणी? त्यासाठी पुराणांतल्या वंशावळी, बौद्ध आणि जैन ग्रंथ पाहणे आले. आणि तेथे एका ग्रंथाचा दुसऱ्याशी मेळ नाही. ज्या पोथीवर विसंबायचे, तिचा पाठ खरा कशावरून? संस्कृत घरातच होते, पण ते या कामाला पुरेसे नव्हते. कोसंबींनी सरावासाठी म्हणून भर्तृहरी हाती घेतला आणि त्या सरावाची परिणती १९४८च्या चिकित्सक आवृत्तीत झाली. घराघरांत पाठ असलेली नीती, शृंगार आणि वैराग्य ही शतके. पण प्रत्येक प्रांताच्या पोथीत श्लोक वेगळे, त्यांचा क्रम वेगळा. तीनशेहून अधिक हस्तलिखिते ताडून त्यांनी परंपरांची कुळे लावली, आणि बहुतेक सर्व शाखांत आढळणारे दोनशेच्या आसपास श्लोक बाकीच्या भरीपासून वेगळे काढले. तक्षशिलेचा साठा आणि भर्तृहरीच्या पोथ्या यांत विषयाचे साम्य काहीच नाही. मात्र हातोहाती फिरताना नाणे झिजते तशी नकलाकारांच्या हातून जाताना पोथी बदलते, आणि झिजलेल्या अनेक प्रतींवरून मूळ वजनाचा अंदाज बांधता येतो, हे ज्याने एकदा तराजूवर पाहिले त्याला पाठचिकित्सा परकी वाटली नसावी.

भर्तृहरीच्या वैराग्यात त्यांनी आश्रयदात्याच्या दारी खोळंबलेल्या विद्वान वर्गाचे वैफल्य पाहिले. ते पुष्कळांना रुचले नाही. मार्क्सवरची निष्ठा त्यांनी कधी लपवली नाही. उलट ही संस्कृत आवृत्ती त्यांनी मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांच्या स्मृतीस अर्पण केली. १९५७ साली वि. वि. गोखले यांच्यासह त्यांनी विद्याकराच्या सुभाषितरत्नकोशाचे संपादन केले, तेव्हा हार्वर्डचे संस्कृत प्राध्यापक इंगल्स यांनी त्यांच्या काव्यविवेचनाशी उघड मतभेद नोंदवला आणि संपादनाची योग्यता मात्र मान्य केली. वडिलांचा विसुद्धिमग्ग हार्वर्डच्या प्राच्यविद्या मालेतला एकेचाळिसावा ग्रंथ. मुलाचा हा कोश बेचाळिसावा.

पोथ्यांतूनही समाजाचे पूर्ण उत्तर मिळेना, तेव्हा कोसंबी पायी निघाले. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, मावळातली खेडी, वेशीबाहेरचे म्हसोबा आणि माळावरच्या शेंदूर फासलेल्या देवी ही आता त्यांची अभ्याससामग्री झाली. देवीच्या ठाण्यापाशी त्यांना गारगोटीची बारीक पाती सापडत. अश्मयुगातली ही हत्यारे. गाव जवळ नसताना देवी अशा आडजागी का, याचे उत्तर त्यांनी जुन्या वाटांमध्ये शोधले. नांगराच्या शेतीपूर्वी गुरे राखणारे लोक ऋतुमानाप्रमाणे ज्या वाटांनी फिरत, त्यांच्या तिठ्यांवर ही ठाणी असावीत. कार्ल्याच्या लेण्यांकडेही ते असेच आले. घाट चढून येणाऱ्या व्यापारी मार्गावर ही लेणी का खोदली गेली, दात्यांमध्ये धेनुकाकटाचे यवन आणि व्यापारी का आहेत, हे प्रश्न त्यांनी शिल्पकलेच्या अभ्यासकाला नव्हे, तर बाजारपेठेच्या अभ्यासकाला विचारावेत तसे विचारले. भिक्षूंचा विहार हा व्यापाऱ्यांच्या तांड्याला पाणी, निवारा आणि कदाचित भांडवलही पुरवणारी संस्था होता, हे त्यांचे प्रतिपादन पुढच्या संशोधनाला वळण देणारे ठरले.

हे सारे चालू असताना त्यांची नोकरी गणिताचीच होती. १९४५ साली होमी भाभांनी नव्याने स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांना पाचारण केले. राहणे पुण्याला, काम मुंबईला. जाणेयेणे डेक्कन क्वीनने. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला. राजांच्या याद्या बाजूला सारून उत्पादनाची साधने आणि त्यांवरून बदलणारे मानवी संबंध हा इतिहासाचा कणा आहे, असे त्यात मांडले होते. गुप्तोत्तर काळातली सरंजामशाही वरून आणि खालून अशी दोन टप्प्यांत आली, हे त्यांचे मत नंतरच्या इतिहासकारांनी पुष्कळ घासूनपुसून घेतले; काहींनी ते नाकारलेही. पण नाकारतानासुद्धा प्रश्न त्यांचाच राहिला.

येथवरचा वृत्तान्त यशाचा आहे. १९५९ साली मात्र कोसंबींनी रीमानच्या सिद्धकल्पनेची सिद्धता आपल्याला सापडल्याचा दावा केला. मूळ संख्यांच्या विभागणीविषयीची ही कल्पना त्या वर्षी बरोबर शंभर वर्षांची झाली होती आणि ती आजही असिद्ध आहे. कोसंबींनी ती संभाव्यतेच्या मार्गाने सोडवू पाहिली, आणि निबंध छापला तो कृषि-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. गणितज्ञांनी सिद्धता स्वीकारली नाही. अणुशक्तीऐवजी सूर्यशक्तीचा कैवार घेतल्यामुळे भाभांशी त्यांचे मतभेद होतेच. त्यांत ही भर पडली. १९६२ साली संस्थेतील त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढवण्यात आली नाही. संस्थेने दाखवलेल्या कोरडेपणाचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण चूक कोसंबींचीही होती, हे त्यांच्या चाहत्यांनी झाकू नये. नाणेशास्त्रात शिरताना त्यांनी हजारो नाणी वजन केली. पाठचिकित्सेत शिरताना शेकडो पोथ्या ताडल्या. परक्या प्रांतात प्रत्येक वेळी त्यांनी तेथील सर्वांत कष्टाचे, कारकुनी म्हणावे असे काम आधी पत्करले. ज्या गणितात ते जन्मभर वावरले, तेथेच नेमके समव्यवसायी टीकाकारांच्या कसोटीला उतरण्याचे कष्ट त्यांनी टाळले. संशोधकाला परक्या विद्येपेक्षा स्वतःच्या विद्येतला आत्मविश्वास अधिक घातक ठरू शकतो, याचे याहून क्लेशदायक उदाहरण आपल्या विद्याक्षेत्रात क्वचितच सापडेल.

त्यानंतरच्या चार वर्षांत ते खचून बसले नाहीत. १९६२ सालीच दैवतकथा आणि वास्तव यांवरील त्यांचा निबंधसंग्रह निघाला. १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीचा इतिहास. दरम्यान, १९६४ साली त्यांची गुणश्री वैज्ञानिक म्हणून नेमणूक झाली होती, ती पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी संलग्न होती. संख्या-सिद्धान्तावरचे काही गणिती निबंध त्यांनी या काळात एस. ड्यूक्रे या टोपणनावाने छापले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्न होते. पुढल्या वर्षी अमेरिकेतील एका विज्ञानमासिकात त्यांचा अखेरचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता भारताच्या खेड्यांत आजही जिवंत असलेला प्रागितिहास.