स्वयंभू संख्यांचे शोधक

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षी ते मातृसुखास अंतरले. कारकुनी करणाऱ्या वडिलांस ज्योतिषाचा नाद असल्याने आकडेमोड घरातच नांदत होती. शालेय शिक्षण ठाण्यास झाले. पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांस रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत त्यांनी अध्यापन केले.

साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णा कृष्णेस मिळते. पुढे सांगलीजवळ हरिपुरास वारणा येऊन मिळते. कापरेकरांस संख्यांचेही असेच प्रवाह दिसले. कोणतीही संख्या घ्यावी व तीत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी, की पुढची संख्या निघते. ९१ मध्ये ९ व १ मिळविले की १०१ होतात. १०० मध्ये १ मिळविला तरी १०१ च. अशा संगमास त्यांनी आगगाडीच्या जगातले 'जंक्शन' हे नाव दिले. ज्या संख्येस असा उगमच नाही, तिला त्यांनी स्वयंभू म्हटले. ३१, ५३, ९७ या स्वयंभू संख्या होत.

या तिन्ही मूळसंख्याही आहेत. पण एवढ्यावरून दोन्ही गुण एकच मानू नयेत. एकोणीस वेळा १ लिहून होणारी प्रचंड संख्या मूळसंख्या आहे. १ व ती स्वतः यांवाचून तिला कोणीही निःशेष भागू शकत नाही. तथापि ती स्वयंभू नव्हे. तीतून ३२ वजा केले असता सोळा एक आणि त्यांपुढे ०, ७, ९ असे अंक उरतात, आणि त्यांची बेरीज बरोबर ३२ भरते! हाच तिचा उगम. उलट सतरा एकांची संख्या २०७१७२३ ने भागली जाते, म्हणून मूळ नव्हे. पण तिला उगम नाही.

मूळसंख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी मूळच राहते. स्वयंभूपण मात्र दशमान लेखनावर अवलंबून असते. त्यामुळे असले गुणधर्म गौण होत, हा आक्षेप अगदीच निराधार नव्हे. पण कित्येक पंडितांनी कापरेकरांच्या संशोधनास पोरखेळच ठरविले, हे मात्र अन्यायाचे होते. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाने आपल्या पुस्तिका पदरमोड करून छापल्या. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचे नवल मांडले. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावे आणि वजाबाकी करीत जावे. फार तर सात खेपांत ६१७४ येऊन ठेपते.

निवृत्तिवेतन अपुरे पडल्याने उतारवयात त्यांस शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्या स्वयंभू संख्यांविषयी लिहिले, तेव्हा कोठे दूरदेशीचे वाचक त्यांस ओळखू लागले. कापरेकर तोवर सत्तर वर्षांचे झाले होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.