सॅचेल पेज
लीरॉय रॉबर्ट ऊर्फ सॅचेल पेज (७ जुलै, १९०६:मोबील, अलाबामा, अमेरिका - ८ जून, १९८२:कॅन्सस सिटी, मिसूरी, अमेरिका) हे अमेरिकन बेसबॉलपटू होते.

वर्णभेदामुळे प्रमुख लीगची दारे कृष्णवर्णीयांना बंद असल्याने पिचर म्हणून त्यांची उमेदीची वर्षे निग्रो लीगमध्ये गेली. १९४८मध्ये क्लीव्हलँड इंडियन्सने त्यांच्या ४२व्या वाढदिवशी त्यांना करारबद्ध केले. दोनच दिवसांनी, ९ जुलै रोजी, सेंट लुइस ब्राउन्सविरुद्ध संघ पिछाडीवर असताना ते मैदानात उतरले. त्यांनी दोन डावांत एकही धाव दिली नाही. प्रमुख लीगमध्ये पदार्पण करणारे ते सर्वांत वयस्कर खेळाडू ठरले. त्या मोसमात त्यांच्या नावावर ६ विजय व १ पराभव जमा झाला आणि क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीज जिंकली. १९७१मध्ये त्यांचा बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला.