विश्लेषण : घर बांधण्याआधी नकाशा का बघायचा? शंभर वर्षांपूर्वी आपल्या गल्ल्या पायी फिरलेल्या पॅट्रिक गेडिस यांची गोष्ट

शहर वाढत वाढत गावापर्यंत येते. गावाला लागून असलेल्या दोन-तीन गुंठ्यांना अचानक भाव येतो. मालक घराचा नकाशा काढून घेतो, कर्जाची चौकशी करतो आणि परवानगीसाठी कार्यालयात गेल्यावर त्याला कळते, की आपल्या जागेवरून १२ मीटरचा रस्ता दाखवला आहे. प्रारूप आराखडा कधी प्रसिद्ध झाला, हरकतींची मुदत कधी संपली, याचा त्याला पत्ताच नसतो.

ही अडचण कागद न वाचल्यामुळे येते. पण शहराचा नकाशा लोकांना दाखवूनच करायचा, हे आले कुठून? ज्यांनी हा आग्रह भारतात धरला त्यांच्यात एका स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. सर पॅट्रिक गेडिस. नगररचना शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असते. घर बांधणाऱ्यांनाही ते माहीत असायला हरकत नाही.

गेडिस कोण होते?

जन्म २ ऑक्टोबर १८५४, स्कॉटलंडमधील बॅलेटर. बालपण पर्थ शहरात गेले. वडील सैन्यात होते. गेडिस यांनी लंडनमध्ये टी. एच. हक्सली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये ते संशोधनासाठी मेक्सिकोला गेले आणि तिथे काही काळ त्यांची दृष्टीच गेली. पुढे ती परत आली, पण सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास काम करणे अवघड झाले. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत पडून असताना विचारांची मांडणी चौकटींमध्ये करण्याची सवय त्यांना लागली. आयुष्यभर ते अशा तक्त्यांतूनच शहराचा विचार करत राहिले.

१८८८ पासून सुमारे तीन दशके ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. वनस्पती आणि तिची जागा यांचा संबंध तोडून दोन्ही समजत नाहीत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तोच नियम त्यांनी माणूस आणि त्याच्या वस्तीला लावला.

झोपडपट्टीत राहायला का गेले?

१८८६ मध्ये गेडिस यांचे ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाले. त्यानंतर हे जोडपे एडिनबराच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या दाटीवाटीच्या, पडझड झालेल्या वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन सफाई, रंगरंगोटी आणि डागडुजी सुरू झाली. जी घरे वाचवण्यासारखी नव्हती तेवढीच पाडायची, त्यातून मिळालेल्या मोकळ्या जागेत उजेड, हवा आणि छोटी बाग आणायची, हा क्रम ठरला.

त्या काळी जुनी वस्ती सुधारायची म्हणजे ती सपाट करून सरळ रस्ता काढायचा, अशी रूढ पद्धत होती. गेडिस यांचा सवाल साधा होता. पाडलेल्या घरांतली माणसे जाणार कुठे? ती शेजारच्या गल्लीत जाणार आणि तिथली दाटी दुप्पट होणार. म्हणून डॉक्टर जसा लागेल तेवढाच छेद घेतो, तशी शहरावर बेताची शस्त्रक्रिया करावी, असे त्यांचे म्हणणे होते.

भारतात कसे आले?

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी गेडिस यांना त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन भारतात बोलावले. १९१४ मध्ये ते निघाले. नकाशे, चित्रे, प्रतिकृती असा अनेक वर्षांचा संग्रह वेगळ्या जहाजावर होता. पहिले महायुद्ध पेटले होते आणि एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले. गेडिस यांचा सगळा संग्रह समुद्रतळाशी गेला. मित्रांच्या मदतीने नवे साहित्य जमवून १९१५ च्या सुरुवातीला त्यांनी मद्रासमध्ये प्रदर्शन भरवले.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी मद्रास आणि मुंबई प्रांतातील शहरे, बडोदा, लखनऊ, लाहोर, ढाका, इंदूर अशा अनेक ठिकाणांवर अहवाल लिहिले. १९१५ मध्ये मुंबई प्रांतातील सहा शहरांच्या पुनर्रचनेवर त्यांनी अहवाल दिला.

काम करण्याची पद्धत ठरलेली होती. आधी पायी फिरायचे. कोणत्या घराची भिंत कोसळायला आली आहे, विहीर कुठे आहे, देवळापुढे किती मोकळी जागा आहे, बायका पाणी कुठून आणतात, मुले कुठे खेळतात, हे पाहायचे. मग नकाशा. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता आखणाऱ्या अभियंत्यांशी त्यांचे वारंवार खटके उडाले. डासांच्या भीतीने तळी बुजवण्यालाही त्यांनी विरोध केला.

इंदूरची ती दिवाळी

होळकरांच्या इंदूर संस्थानात गेडिस पोहोचले तेव्हा शहर प्लेगने त्रस्त होते. मोजपट्टी घेऊन फिरणारा साहेब म्हणजे घर पाडायला आलेला माणूस, असाच लोकांचा समज होता. गेडिस यांनी संस्थानिकांकडून दिवाळीच्या उत्सवाची सूत्रे एका दिवसापुरती मागून घेतली. मग शहरात जाहीर झाले, की या वर्षीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या गल्लीतील लोक घरांची सफाई आणि दुरुस्ती सर्वांत चांगली करतील, त्या गल्लीतून ती जाईल.

गल्ल्यागल्ल्यांत चुरस लागली. गाड्या भरभरून कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत राक्षसाचा आणि प्लेगच्या उंदराचा पुतळा होता, त्यांचे शेवटी दहन झाले. शहराचे सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, हार घालून मानाने चालले. प्लेग ओसरला. त्याचा हंगामही तेव्हा संपत आला होता, हे गेडिस जाणून होते. पण नियम लादण्याआधी तो लोकांना आपला वाटला पाहिजे, हे त्या दिवाळीत दिसले.

याच काळात त्यांच्या घरावर मोठा आघात झाला. एप्रिल १९१७ मध्ये थोरला मुलगा ॲलिस्टर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना तेव्हा भारतात गंभीर आजारी होत्या. ही बातमी गेडिस यांनी त्यांच्यापासून लपवून ठेवली. जून १९१७ मध्ये ॲना यांचे कोलकात्यात निधन झाले. इंदूरचा दोन खंडांचा अहवाल त्यानंतर, १९१८ मध्ये आला.

मुंबईशी नाते काय?

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांना उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात गेडिस यांचा वाटा होता. घुर्ये यांनीच १९२४ मध्ये हा विभाग हाती घेतला.

१९२४ मध्ये गेडिस दक्षिण फ्रान्समधील माँपेलिये येथे स्थायिक झाले. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा केला. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, आत अरुंद निवासी गल्ल्या आणि मध्ये छोटी बाग, अशी ती रचना होती. १९३२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्यांचे निधन झाले.

‘टीपी स्कीम’ म्हणजे काय?

गेडिस भारतात काम करू लागले त्याच वर्षी, १९१५ मध्ये मुंबई नगररचना कायदा झाला. देशातला हा असा पहिला कायदा. तो गेडिस यांनी लिहिला नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. पण जमीनमालकाला हुसकावून न लावता शहर आखायचे, हा धागा दोन्हीकडे आहे.

या कायद्यातील नगररचना योजनेत, म्हणजे टीपी स्कीममध्ये, एका भागातील वेडेवाकडे तुकडे एकत्र धरले जातात. प्रत्येक मालकाच्या जमिनीतून रस्ते, बाग, शाळा यांसाठी थोडा हिस्सा घेतला जातो आणि उरलेली जागा नीट आकाराचा ‘अंतिम भूखंड’ म्हणून त्याला परत मिळते. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले भागांतील कागदपत्रांवर आजही टीपीएस आणि अंतिम भूखंड क्रमांक दिसतो, तो याच पद्धतीचा. पुढे १९५४ चा कायदा आला आणि विकास आराखडा करणे बंधनकारक झाले. सध्या राज्यात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ लागू आहे. परवानगीचे तपशील मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०३४ मध्ये, तर राज्याच्या बहुतांश भागात २०२० च्या एकत्रित नियमावलीत आहेत.

आज घरमालकाने काय पाहायचे?

गेडिस यांचा क्रम आधी पाहणी, मग निदान आणि शेवटी उपाय असा होता. घर बांधतानाही तोच क्रम कामाला येतो.

१. जागा कोणत्या झोनमध्ये आहे? निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती किंवा हरित असे विभाग असतात. नियोजन प्राधिकरणाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो. मुंबईत त्यासाठी डीपी रिमार्क घेतात. जागा विकत घेण्याआधीच हा कागद हातात असावा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

२. आरक्षण किंवा रस्ता आहे का? सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर नाव आपले असले तरी आराखड्यात तिथे शाळा, बाग, रस्ता असू शकतो. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा घेतली गेली नाही, तर मालकाला कलम १२७ खाली खरेदी सूचना देता येते.

३. किती आणि कुठे बांधता येईल? चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे एफएसआय किती बांधायचे ते ठरवतो. चारही बाजूंना सोडायची सामासिक अंतरे कुठे बांधायचे ते ठरवतात. ही अंतरे शेजाऱ्याच्या खिडकीतील उजेडासाठी आणि अग्निशमन दलाच्या गाडीसाठी असतात. गॅलरी बंद करताना किंवा जिन्याखाली खोली काढताना हे आठवावे.

४. परवानगी घेतली का? परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत नकाशे सादर होतात. अर्जावर ६० दिवसांत निर्णय झाला नाही, तर कायद्यात मानीव परवानगीची तरतूद आहे. मात्र नकाशा आराखडा आणि नियमांत बसणारा असेल तरच. नियमबाह्य नकाशाला ६० दिवसांनंतरही संरक्षण नाही. परवानगी नाकारली, तर ४० दिवसांत अपील करता येते.

५. काम वेळेत सुरू केले का? परवानगी एक वर्षासाठी असते. त्यात काम सुरू झाले नाही, तर नूतनीकरण करून घ्यावे लागते. काम पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घेतल्याशिवाय घर कायदेशीरदृष्ट्या पूर्ण होत नाही.

हरकत घेण्याचा दिवस चुकवू नका

प्रारूप विकास आराखडा तयार झाला की त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत येते. नकाशे लोकांना पाहण्यासाठी ठेवले जातात. ठरलेल्या मुदतीत लेखी सूचना किंवा हरकत देता येते आणि हरकत घेणाऱ्याला सुनावणीत बाजू मांडता येते. अंतिम आराखडा मंजूर झाल्यावर तोच बदल करून घेणे फार अवघड, वेळखाऊ आणि खर्चिक होते.

गेडिस परक्या देशातल्या गल्लीत स्वतः फिरायचे, तेव्हा त्यांना तिथली विहीर आणि पार दिसायचा. आज नकाशा करणारा प्रत्येक अधिकारी आपल्या गल्लीत येईलच असे नाही. त्यामुळे आपली विहीर, आपली वहिवाटीची वाट आणि आपले घर नकाशात बरोबर दाखवले आहे का, हे तपासायला आपल्यालाच जावे लागते. पुढच्या वेळी आपल्या गावाच्या प्रारूप आराखड्याची सूचना दिसली, तर तिचा फोटो काढून ठेवा, मुदतीची तारीख लिहून घ्या आणि शेजाऱ्यांनाही सांगा.