मलिक अंबर

आफ्रिका खंडाच्या पूर्वेस इथिओपिया हा देश आहे. आपल्याकडे पूर्वी त्यास हबसाण म्हणत. तेथे सुमारे १५४८ साली मलिक अंबरचा जन्म झाला. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. त्या काळी माणसांचाही बाजार भरत असे. त्याच शतकात आफ्रिकेतील असंख्य स्त्रीपुरुषांना जहाजांत कोंबून पोर्तुगीज ब्राझीलमध्ये नेत होते. तेथे उसाच्या मळ्यांत आणि मळेवाल्यांच्या घरांत ते जन्मभर राबत; त्यांची मुलेही धन्याचीच मालमत्ता ठरत. अंबर मात्र पूर्वेकडे आला. बगदादच्या एका धन्याने त्याची बुद्धी ओळखून त्यास शिक्षण दिले.

पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्यास विकत घेतले. चंगीझखान स्वतःही पूर्वी हबशी गुलामच होता. त्याच्या पदरी अंबर युद्धकला व राज्यकारभार शिकला. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला गुलामगिरीतून मुक्त केले. मग काही काळ विजापूरची चाकरी करून तो निजामशाहीत परतला.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. राज्य बुडाले असेच सर्वांस वाटले. पण अंबरने निजामशाही घराण्यातील मुर्तजा यास परांडा येथे गादीवर बसविले आणि मराठा घोडेस्वारांच्या साहाय्याने गनिमी काव्याचे युद्ध मांडले. १६२४ साली भातवडीच्या लढाईत त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने लढले.

पण त्याचे नाव रयतेच्या मुखी राहिले ते जमीनमहसुलामुळे. पूर्वी गावांची वसुली मक्त्याने दिली जाई. मक्तेदार सरकारास ठरलेली रक्कम भरी आणि रयतेकडून मन मानेल तितकी उकळी. अंबरने हा मक्ता बंद केला. जमिनीची प्रत व प्रत्यक्ष पीक पाहून त्याने सारा ठरविला आणि वसुली गावच्या पाटलाकडे सोपविली. शेतकऱ्याचा आपल्या जमिनीवरील वंशपरंपरागत हक्क त्याने मान्य केला. त्याने वसविलेल्या खडकी नगरास, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नहराने पाणी आणले.

अंबरच्या फौजेत विकत घेतलेले हबशी होतेच. गुलामगिरीची चाल त्याने मोडली नाही. तथापि ज्याच्या देहावर एके काळी दुसऱ्याची मालकी होती, त्याच्याच कारभारात शेतकऱ्याची आपल्या शेतावरील मालकी मान्य झाली, ही गोष्ट लहान नव्हे.

१६२६ साली शेवगावजवळील अमरापूर येथे तो मरण पावला. त्याची कबर खुलताबाद येथे आहे. जन्माने किंवा बाजारातील किमतीने माणसाची योग्यता ठरत नाही, हे त्याच्या चरित्रावरून दिसून येते.