सुझान लेंग्लेन : खेळाचा मोबदला उघडपणे घेणारी टेनिसपटू

येत्या ४ जुलैला सुझान लेंग्लेन हिचा स्मृतिदिन. पॅरिसच्या फ्रेंच ओपन स्पर्धेत महिलांमधली विजेती जो चषक उचलते, त्याला याच बाईचं नाव आहे. आपल्याकडं तिचं नाव फारसं कुणी घेत नाही, पण खेळात पोरं घालणाऱ्या प्रत्येक आईबापानं तिची कथा वाचावी अशी आहे.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिसमध्ये झाला. लहानपणी तब्येत नाजूक, दम्याचा त्रास. पोरगी धडधाकट व्हावी म्हणून वडील चार्ल्स यांनी तिच्या हातात रॅकेट दिली. वडील तसे कडक. मैदानात ठिकठिकाणी रुमाल टाकायचे आणि चेंडू बरोबर त्यावरच पडला पाहिजे, असा सराव तासन् तास घ्यायचे. १९१४ साली, नुकती कुठं १५ वर्षांची झालेली असताना, तिनं मातीच्या कोर्टवरची जागतिक स्पर्धा जिंकली. लगेच पहिलं महायुद्ध पेटलं आणि मोठ्या स्पर्धा बंद पडल्या.

युद्ध संपल्यावर १९१९ ला ती विम्बल्डनला उतरली. समोर सात वेळची विजेती डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. दोनदा हार एका गुणावर आली होती, तरी सुझाननं सामना १०-८, ४-६, ९-७ असा खेचून आणला. त्या काळी बायका पायघोळ झगे घालून खेळत. हिनं आखूड झगा आणि उघडे हात ठेवून खेळायला सुरुवात केली. लोकांनी नावं ठेवली, पण पळायला मोकळीक मिळाली. पुढं विम्बल्डन एकूण सहा वेळा जिंकलं. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्ण आणि एक कांस्य मिळवलं.

१९२१ ला अमेरिकेत मोला मॅलरीविरुद्ध आजारपणामुळं सामना अर्धवट सोडावा लागला, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढच्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिनं मॅलरीला ६-२, ६-० असं २६ मिनिटांत हरवून हिशेब चुकता केला.

फेब्रुवारी १९२६ मध्ये कानला हेलन विल्सबरोबर तिचा सामना झाला. तिकिटांसाठी झुंबड उडाली, लोक आजूबाजूच्या छपरांवर चढून बघत होते. सुझान ६-३, ८-६ अशी जिंकली. पण गल्ला भरला तो आयोजकांचा. मोठ्या स्पर्धा तेव्हा फक्त हौशी खेळाडूंच्या होत्या. बक्षिसाची रक्कम घेतली की खेळाडू बाद. आपल्याकडं जत्रेतल्या फडात पैलवानाला इनाम सगळ्यांसमोर देतात, त्यात कमीपणा कुणी मानत नाही. तिकडं मात्र पैसा घेणं म्हणजे बट्टा. पिकवणारा एक आणि पट्टी दुसऱ्याच्या हातात, असाच तो प्रकार.

त्याच वर्षी सुझाननं हे जोखड टाकलं. सी. सी. पाइल या अमेरिकन आयोजकाशी ५० हजार डॉलरचा करार करून ती व्यावसायिक झाली. अमेरिकाभर दौरा झाला. मेरी ब्राउनविरुद्धचे सगळेच्या सगळे ३८ सामने तिनं जिंकले. किंमतही मोजावी लागली. विम्बल्डनसह सगळ्या मोठ्या स्पर्धांची दारं तिला कायमची बंद झाली. वय होतं अवघं २७.

खेळणं थांबल्यावर ती घरी बसली नाही. पॅरिसमध्ये तिनं टेनिसची शाळा चालवली, मुलांना शिकवलं. पुढं फ्रेंच टेनिस संघटनेनंही त्या शाळेला मान्यता दिली. वडिलांकडून जे मिळालं होतं, ते तिनं दुसऱ्यांच्या पोरांना दिलं. पण शिकवण्याला फार वर्षं मिळाली नाहीत. ४ जुलै १९३८ रोजी रक्ताच्या आजारानं ती गेली. वय ३९.

मोठ्या स्पर्धांची दारं व्यावसायिकांना उघडली ती १९६८ मध्ये, म्हणजे तिच्यामागं ३० वर्षांनी. आज विजेत्या मुली चषकाबरोबर कोट्यवधींचा धनादेश घेतात, तो हक्क मागणाऱ्या पहिल्या काही जणांत सुझान होती. आपल्या तालुक्यातल्याही पोरी कबड्डी, कुस्तीत घाम गाळतायत. नुसता हारतुरा घालून त्यांची बोळवण करू नका, त्यांच्या कष्टाचा मोबदला त्यांच्या हातात पडू द्या.